टिटवीची चाल शोधणारी जानी

फार फार वर्षं झाली. जव्हारच्या डोंगराखाली आपला पाडा तेव्हाही होता, पण मोटारीचा रस्ता नव्हता. त्या काळी इथे लखमा धिंडा तारपा वाजवायचा. तारपा म्हणजे काय, तर वाळका दुधी, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा, मेणानं जोडलेला. पण लखमानं तो फुंकला की पलीकडचा डोंगर कान द्यायचा, असं म्हणतात.

त्याच्या साऱ्या चालींत एक होती टिटवीची. टिटवी धावते, थबकते, पुन्हा धावते, तशीच ती चाल. नवा भात खळ्यावर आला की ती वाजायची, आणि नाचाच्या ओळीत सगळ्यांत पुढं असायची लखमाची बायको, जानी.

मग तापाची साथ आली. आठ दिवसांत लखमा गेला, त्याचे दोन्ही चेलेही गेले. पुढच्या वर्षी दुसऱ्या चाली वाजल्या. लोक नाचले, पण म्हातारी माणसं नाचता नाचता मध्येच उभी राहायची, काहीतरी हरवल्यासारखी. त्या वर्षी धान्याची देवी कणसरी रुसली आणि निम्मा भात पोचट निघाला, असं म्हणतात.

 जानीनं कमरेला भाकरी बांधली आणि ती चाल शोधायला निघाली.

आधी ती गेली शेजारच्या पाड्यावरच्या रडका वांगडकडे. तोही तारपा वाजवायचा. त्यानं चालीचं तोंड वाजवून दाखवलं आणि थांबला.

"पुढचं नाय येत, वहिनी. पुढचा भाग आला की लखमा पाठ फिरवायचा. बोटं कोणाला दिसू देत नव्हता."

मग ती जव्हारला गेली. तिथल्या शाळेच्या दिघे मास्तरांनी एकदा लखमाचं वाजवणं ऐकून वहीत सारेगम लिहून ठेवलं होतं. मास्तर वहीतून गात गेले आणि जानी शाळेच्या अंगणात नाचली. तिसऱ्या फेरीला तिचा पाय अडखळला.

"मास्तर, इथं टिटवी थांबते. तुमची थांबत नाय."

"थांबणं कसं लिहू, बाई?"

जानीनं पायाच्या अंगठ्यानं मातीत एक गोल काढला. मास्तरांनी तो तसाच वहीत उतरवला. मग म्हणाले, "शेवटचा भाग माझ्याकडेही नाही. पण डहाणूच्या वाडीवाल्या फ्रेनीबाईंकडे लखमाची तबकडी आहे. कोणी पाहुणा आवाज भरायचं यंत्र घेऊन आला होता ना, त्यानं केलेली."

डहाणू म्हणजे दोन दिवसांची चाल. वाटेत नदीला पूर होता, पण जानी पाण्यात उतरली तशा टिटव्या ओरडत पुढं झाल्या आणि त्यांनी तिला उतार दाखवला, असं म्हणतात.

फ्रेनीबाईंनी तिला चिकूच्या सावलीत बसवलं, तबकडी वाजवायचा बाजा बाहेर आणला, सुई ठेवली. खरखर झाली. आणि सुरांच्या आधी माणूस बोलला.

"जानी, पुढं हो."

लखमाच तो. जानीनं पदर तोंडात धरला. तिनं पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा लावायला सांगितलं. चौथ्या वेळी लखमाचा आवाज बारीक झाला होता.

"सुई तबकडी खाते, जानीबाय," फ्रेनीबाई हळूच म्हणाल्या.

चाल तर अजून गळ्यात बसायची होती. जानीनं तोंडातला पदर सोडला. मग म्हणाली, "सुई जरा पुढं ठेवा. तो बोलतो तिथं नको."

त्यानंतर दिवसभर तिनं नुसते सूर ऐकले. पण चाल शेवटच्या वळणावर आली की तबकडी संपायची. उरलेलं कुठंच नव्हतं. फ्रेनीबाई म्हणाल्या, "घेऊन जा तुझी तबकडी."

"माझ्याकडं बाजा नाय. इथंच जपा त्याला."

जानी परत आली. तिनं गुणगुणून रडकाला चाल शिकवली. नव्या भाताच्या दिवशी, ऐन दुपारी, सगळा पाडा खळ्यावर जमला. दिघे मास्तरही वही घेऊन आले. रडका वाजवत गेला आणि तबकडी जिथं संपायची तिथं त्याचे सूर संपले.

पण जानी थांबली नाही. सूर नसताना ती नाचत राहिली. तीस वर्षं त्या चालीवर नाचलेली पावलं होती ती. दोन पावलं मागं, एक थबक, मग गिरकी. खळ्यावर पावलांखेरीज आवाज नव्हता. रडका तिच्या पायांकडं बघत होता. बघता बघता त्याची बोटं हलली आणि पायांतली चाल तारप्यात उतरली. मास्तर भराभर लिहीत गेले. तेवढ्यात टिटव्यांचा थवा खळ्यावर उतरला, आणि राशीतला पोचट दाणा टचटच भरत गेला, असं म्हणतात.

जानी जाऊन तीन-चार पिढ्या झाल्या. तारपे बदलले, वाजवणारे बदलले. तरी नव्या भाताला टिटवीची चाल शेवटच्या वळणावर आली की आपल्याकडं वाजवणारा अजूनही तारपा खाली घेतो. पाड्यातली सगळ्यांत वडील बाई ओळीच्या पुढं येते आणि मुक्यानं नाचते. त्याला म्हणतात 'जानीची पावलं'. तेवढा वेळ लहान पोरंसुद्धा बोलत नाहीत. वाजवणारा तिच्या पायांकडं बघतो, आणि तिथून पुढची चाल तिच्याकडून घेतो.