अकरा कुंडांची सराय

"पण गुरुजी, या अकरांतलं खरं कुंड कोणतं?"

कैसेनने हे विचारलं तेव्हा त्याच्या पाठीवरचं ओझंही उतरलं नव्हतं. सरायीची मालकीण ओतोमी दाराशी गुडघे टेकून पाहुण्यांना वाकून नमस्कार करत होती. तिच्या मागे भिंतीवर अकरा लाकडी पाट्या टांगलेल्या होत्या, एकेका पाटीवर एकेका कुंडाचं नाव.

बोकुओंनी पाट्यांकडे पाहिलं...

"उतरून बघ," ते म्हणाले.

जपानच्या उत्तरेकडच्या डोंगरात ही सराय होती. तिथे जमिनीतून जागोजागी वाफा निघत. गंधकाचा वास नाकात असा बसे की दुसऱ्या दिवसापासून भातालाही तोच वास येई. दर वर्षी झाडांची पानं लाल व्हायला लागली की बोकुओ मठातून निघत, दोन दिवस चालून इथे येत आणि पंधरा दिवस राहून परत जात. आजवर ते एकटेच आले होते. या खेपेला त्यांनी कैसेनला सोबत घेतलं होतं.

कैसेनला मठात आठ वर्षं झाली होती. ग्रंथ तोंडपाठ होते. वादात तो कुणाला ऐकायचा नाही. गुरुजी दर वर्षी जातात कुठे, हे कुतूहल मात्र त्याला पहिल्या वर्षापासून छळत होतं. एवढा मोठा साधू उगाच दोन दिवस डोंगर चढणार नाही. तिथे काहीतरी असलं पाहिजे, आणि ते आज ना उद्या आपल्यालाच दाखवणार, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती.

त्यामुळे "उतरून बघ" ही त्याला परीक्षाच वाटली.

तीन दिवस तो कुंडांतून हिंडला. कुठलं पाणी ताकासारखं पांढरं होतं, कुठलं गंजल्यासारखं तांबूस. एका कुंडावर देवदाराचं छप्पर होतं, एक ओढ्याच्या काठी उघड्यावर होतं. वरच्या अंगाच्या एका कुंडात पाण्याचा थेंब ओठावर आला तेव्हा तो आंबट लागला. अंगाला मुंग्या आल्या.

कैसेनने डोळे मिटून घेतले. चव, रंग, ऊन, गार... ही सगळी इंद्रियांची भूल, असं त्याने स्वतःला बजावलं. भुलीच्या पलीकडे काय आहे ते शोधायचं.

चौथ्या दिवशी सकाळी त्याला उत्तर सापडलं. तो धावतच गुरुजींकडे गेला.

बोकुओ खालच्या बाजूच्या एका लहानशा, साध्या कुंडात बसले होते. आल्या दिवसापासून ते तिथेच जात. शेजारी गावातली दोन म्हातारी माणसं मुळ्यांच्या पिकाबद्दल बोलत होती, आणि बोकुओ ते मन लावून ऐकत होते.

कैसेन काठावर बसला.

"कुंडं अकरा दिसतात," तो म्हणाला, "पाणी एकच आहे."

बोकुओंनी त्याच्याकडे पाहिलं...

"हं," ते म्हणाले, आणि मुळ्यांना यंदा कीड कशाने लागली ते म्हाताऱ्यांना विचारू लागले.

कैसेनला तेवढं पुरे होतं. दिवसभर त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोन्झो नावाचा लाकूडतोड्या लंगडत सरायीत आला. आठवड्यापूर्वी कुऱ्हाड निसटून त्याच्या नडगीवर बसली होती. जखम भरत नव्हती, कडेने लाल झाली होती. पुढच्या महिन्यात बर्फ पडायला लागलं की डोंगरातलं काम बंद. त्याआधी पाय बरा झाला नाही तर घरात हिवाळ्यापुरतं काही नाही, असं तो स्वतःशीच बोलल्यासारखं सांगत होता. ओतोमी गावात गेली होती. ओसरीवर एकटा कैसेन होता.

गोन्झोने पाट्यांकडे बोट दाखवलं. त्याला अक्षरओळख नव्हती.

"महाराज, या पायाला यातलं कुठलं पाणी चालेल?"

कैसेनने पायाकडे पाहिलं नाही. असा प्रश्न इतक्या लवकर आपल्याकडे चालून यावा, याचंच त्याला नवल वाटत होतं.

"पाणी सगळं एकच आहे," तो म्हणाला. "मनातून भेद काढ आणि हवं तिथे उतर."

साधूच सांगतो आहे म्हटल्यावर गोन्झोने वाकून नमस्कार केला. सगळ्यांत जवळचा जिना वर जात होता. तो वर गेला.

थोड्याच वेळात किंकाळी ऐकू आली.

कैसेन धावला. गोन्झो आंबट पाण्याच्या कुंडाच्या काठावर अर्धा आत, अर्धा बाहेर पडला होता. दोन्ही हातांनी त्याने मांडी गच्च आवळली होती. जखमेचं तोंड उकललं होतं आणि पाण्यात रक्ताचा तांबडा धागा लांबत चालला होता. कैसेनने त्याला काखेत धरून ओढून काढलं. पुढे काय करायचं ते त्याला कळेना. आठ वर्षांत तोंडपाठ केलेलं एकही वाक्य त्या वेळी उपयोगी पडलं नाही.

एवढ्यात ओतोमी परतली. गोन्झोला पाठीवर घ्यायला तिने कैसेनला सांगितलं आणि ती पुढे झाली. खालच्या त्या साध्या कुंडाशी आल्यावर तिने झऱ्याच्या तोंडाशी लाकडी बालदी धरली, मनगटावर पाणी घेऊन पाहिलं, थोडं निवू दिलं, आणि मग जखमेवर अगदी सावकाश धार धरली. हळूहळू गोन्झोच्या मुठी सुटल्या.

त्या संध्याकाळी कैसेन जेवला नाही. तो ओतोमीकडे गेला आणि चूक कबूल केली. तिने त्याला बोल लावला नाही. फक्त सांगितलं की वरच्या पाण्यात लोखंडी खिळा टाकला तर काही दिवसांत त्याची काडी होते. धडधाकट माणसाची खरूज त्याने जाते. पण उघड्या जखमेला ते पाणी नको.

कैसेनने भिंतीवरच्या पाट्यांकडे पाहिलं.

"म्हणजे पाणी अकरा प्रकारचं आहे?"

ओतोमीने मनातल्या मनात हिशेब केला. झरे नऊ, ती म्हणाली. दोन कुंडांत शेजारचंच पाणी वळवलं आहे. आणि नऊतलाही एक थंडीत रंग बदलतो, त्याचं अजून तिलाही नीट कळलेलं नाही.

हे ऐकून कैसेनला काय झालं कोण जाणे. तो विचारत सुटला. तो झरा रंग कधी बदलतो, बर्फाआधी की नंतर? तांबूस पाणी कुणाला द्यायचं? मनगटावर ते घेतलं की नेमकं काय कळतं?

ओतोमी म्हणाली, पहाटे माझ्याबरोबर ये.

उरलेले दिवस तो तिच्या मागे हिंडला. दगडांवरचं शेवाळं घासलं, नळाच्या बांबूंतला गाळ काढला, रोज नऊ झऱ्यांचं पाणी मनगटावर घेतलं. दुपारी गोन्झोची जखम तोच धुवायचा. जखमेची कड आधी लाल होती, मग गुलाबी झाली. दहाव्या दिवशी तिच्यावर पातळ नवी कातडी धरली. ती दिसली तेव्हा दोघेही खाली वाकून कितीतरी वेळ पाहत राहिले.

बोकुओ रोजच्यासारखे खालच्या साध्या कुंडात जाऊन बसत.

निघायच्या आदल्या दिवशी कैसेनने मनाशी एक नवं उत्तर जुळवून ठेवलं. गुरुजी विचारतील, एक की अकरा? तेव्हा काय सांगायचं, ते त्याने नीट शब्दांत बसवलं होतं. पण गुरुजींनी विचारलंच नाही. सकाळी पेज पिऊन, ओतोमीचा निरोप घेऊन दोघे निघाले.

सरायीपासून रस्ता दगडी पायऱ्यांनी खाली उतरत होता. कैसेन नेहमीसारखा पुढे होता, उत्तर पुन्हा एकदा मनात घोळवत. पहिल्या वळणावर तो थांबला आणि मागे वळला.

बोकुओ उतरत होते. आधी उजवं पाऊल खालच्या पायरीवर, मग डावं त्याच्या शेजारी आणून ठेवायचं. मग थांबायचं. पुन्हा उजवं...

मठाच्याही पायऱ्या ते असेच उतरत. आठ वर्षं कैसेन त्यांच्या पुढे चालत आला होता, एकदाही मागे न पाहता.

जुळवलेलं उत्तर त्याच्या डोक्यातून निघून गेलं. तो चार पायऱ्या वर चढला. हात गुरुजींच्या काखेखाली दिला.

"उजवा गुडघा," तो म्हणाला. "कधीपासून दुखतो?"

बोकुओ थांबले. दरीतून वाफ वर येत होती...

"चला," ते म्हणाले, "पोचलो एकदाचे."