दोरात उगवलेली जमीन

विषय : नदीकाठच्या कुंभारवस्तीतील दहाव्या तुकड्याची कोरड्या दोराने फेरमोजणी करून मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदार तुळाजी याचा अर्ज, त्यानंतरची सत्तावीस स्मरणपत्रे आणि त्यांवर वेळोवेळी मारलेले शेरे.

उपरोक्त विषयाची हकीकत अशी. ती ज्या काळात घडली त्या काळात राजे पुष्कळ होते आणि कारकून त्यांहून पुष्कळ होते. लहानांनी ती गोष्ट म्हणून ऐकावी. मोठ्यांनी घरातली जमिनीची कागदपत्रे शेजारी घेऊन बसावे.

एका राज्यात जमीन मोजायला एकच दोर होता. अंबाडीचा, पन्नास हात लांब, दोन्ही टोकांना पितळी कड्या आणि कड्यांवर राजाचा शिक्का. दुसरे कोणतेही माप वापरणे हा गुन्हा होता. पावसाळ्यात मोजणीला निघताना मोजणीदाराच्या डोक्यावर छत्री धरली जाई. दोर मागून भिजत येई.

त्या राज्यात तुळाजी नावाचा तरुण होता. त्याचा बाप आयुष्यभर इतरांच्या पालख्या वाहून खांद्याला घट्टे पाडून गेला. तुळाजीने ठरवले की आपण असा धंदा करायचा ज्यात ओझे जागच्या जागी राहते. जमीन घ्यायची आणि विकायची. पण कोणती घ्यावी, किती दिवस धरून ठेवावी, कुणाला द्यावी, हे त्याला कळत नव्हते. म्हणून तो दामोदरशेठकडे गेला. शेठ चाळीस वर्षे जमिनीत होते आणि त्यांच्या पायाला कधी चिखल लागलेला कुणी पाहिला नव्हता.

शेठनी त्याला तीन गोष्टी शिकवल्या. पाणी बघ. रस्ता बघ. वैशाखात घे आणि श्रावणात दे.

पहिल्या दोन गोष्टींची कारणे तुळाजीने विचारली आणि शेठनी ती सविस्तर सांगितली. तिसरीचे कारण विचारले तेव्हा शेठ म्हणाले, मुहूर्त असतो. मुहूर्ताला कारण विचारायचे नाही अशी तुळाजीला घरून शिकवण होती. त्याने विचारले नाही. त्याची चूक म्हणाल तर एवढीच, पण ती पुरेशी होती.

तुळाजीने होते नव्हते ते घालून वैशाखात एक पडीक रान घेतले. वरच्या अंगाला रस्ता, खालच्या अंगाला नदी. मोजणीदाराने मोजले तेव्हा रस्त्यापासून नदीपर्यंत अठरा दोर भरले.

त्याच सुमाराला राजाच्या मोरांना जागा अपुरी पडू लागली, आणि गावाबाहेरची कुंभारांची आळी उठवण्यात आली. मोर नाचणार होते, म्हणून कुंभारांनी हलायचे होते. नऊ घरे जागा शोधत तुळाजीकडे आली. श्रावणात पुन्हा मोजणी झाली. पाऊस लागून राहिला होता. रान वीस दोर भरले.

तुळाजीला नवल वाटले. शेठ म्हणाले, पावसाळ्यात सगळेच वाढते. तुळाजी हसला. विसाचे दहा तुकडे पाडायचे ठरले, प्रत्येकी दोन दोर, म्हणजे घर, भट्टी आणि माती साठवायला जागा. नऊ तुकड्यांची खरेदीखते झाली. रस्त्याकडचा पहिला तुकडा तुळाजीने स्वतःला ठेवला. त्याचे लग्न ठरत होते. मुलीच्या बापाने एकच अट घातली होती, आधी घर दाखवा.

नदीकडचा शेवटचा, दहावा तुकडा कोंडाबाईने घेतला. ही पन्नाशीची बाई चार माणसांचे घर आणि एक चाक चालवत होती. पैसे पुरेनात तेव्हा तिने अंगावरचे होते ते काढून दिले. नदीकडचा का, असे कुणी विचारले तेव्हा ती म्हणाली, माती जवळ पडेल.

पावसात खुंट्या टिकत नाहीत, म्हणून आखणी दसऱ्यानंतर करायची असा रिवाज होता. दसरा झाला. कडक ऊन पडले. मोजणीदार आला, दोर रस्त्याकडून टाकीत निघाला. पहिला तुकडा तुळाजीचा. दुसरा, तिसरा, चौथा. प्रत्येक घर आपल्या खुंट्या ठोकून हळदकुंकू वाहत होते. नववा तुकडा संपला तेव्हा मोजणीदाराच्या पुढच्या पावलाला पाणी लागले.

कोंडाबाई खुंट्या हातात घेऊन उभी होती.

“माझा कुठाय?” तिने विचारले.

मोजणीदाराने दप्तर उघडले आणि दहावा तुकडा कागदावर व्यवस्थित असल्याचे तिला दाखवले. ती म्हणाली, कागदावर भट्टी लावली तर कागद जळेल. मग तिने त्याच्या हातातला कोरडा दोर घेऊन काठावर ताणला, दोन टोकांशी दोन खुंट्या ठोकल्या, आणि सरळ नदीत उतरून सगळा दोर पाण्यात बुडवला. लोक बघत राहिले. भिजलेला दोर त्याच दोन खुंट्यांवर ताणला तेव्हा तो पाच हात तोकडा पडला. दोघांनी ओढूनही पुरेना.

तुळाजी त्या पाच हातांकडे बघत होता. वैशाखातले अठरा आणि श्रावणातले वीस त्याच्या डोक्यात एकमेकांशेजारी येऊन बसले. दहावा तुकडा रानात नव्हताच. तो दोरात उगवला होता.

कोंडाबाई त्याच्याकडे वळली. “आमची माती वाळली की आक्रसते, लेकरा. तुमचा दोर भिजला की आक्रसतो. आम्ही मडकं घडवताना ते आधीच धरून चालतो, थोडं मोठंच करतो. तुम्ही काय धरून चालला होतात?”

तुळाजी मोजणीदाराकडे वळला.

मोजणीदाराकडे उत्तर होते. त्याने दप्तरातून एक छापील नमुना काढला. त्याचे नाव ‘नदीने खाल्ले’. दहावा तुकडा होता, परंतु पुरात वाहून गेला, असे विकणाऱ्याने लिहून द्यायचे. मग विकणारा मोकळा, दप्तर मोकळे आणि घेणाऱ्याने नदीकडे दाद मागायची. नमुना फार चालत असे. दप्तराप्रमाणे त्या नदीने आजवर इतकी जमीन खाल्ली होती, की राजवाडा दोनदा तिच्या पोटात जायला हवा होता.

“मी या नदीवर जन्म काढला,” कोंडाबाई म्हणाली. “ती एवढी खादाड नाही.”

तुळाजीने सही केली नाही. विचार करायला वेळ मागितला आणि शेठकडे गेला. आपल्याला माहीत नव्हते, हे त्याला कुणाला तरी सांगायचे होते.

शेठ पान लावत होते. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग समजावले की दोर राजाचा, शिक्का राजाचा, मोजणी सरकारची. तू फक्त घेतलेस आणि दिलेस. पहिल्या व्यवहाराला सगळ्यांचेच हात कापतात. पुढच्या श्रावणात सवय होईल.

“यात तुझं काय गेलं?” शेठनी विचारले.

“काहीच नाही गेलं, शेठ. तेच खुपतंय.”

शेठनी पान तोंडात घातले आणि आवाज थोडा खाली आणला. सही झाली नाही तर उद्या प्रत्येक घेणारा घागरभर पाणी घेऊन येईल आणि दोर बुडवून बघेल. चाळीस पावसाळ्यांची खरेदीखते उघडतील. अशा माणसाला राज्यात कुणी वीतभर जमीन विकणार नाही, आणि मुलीच्या बापाला काय दाखवायचे तेही त्याने बघावे. एका कुंभारणीसाठी?

तुळाजी उठला.

“जे कधी नव्हतंच ते नदीने खाल्लं, असं मी लिहून देणार नाही. तुम्हीच काय, राजाने सांगितलं तरी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने रस्त्याकडच्या पहिल्या तुकड्यावरच्या आपल्या खुंट्या उपटल्या आणि कोंडाबाईला बोलावले. हा तुकडा तुमचा, दहावा माझा, असे सांगितले.

“उपकार म्हणून देत असशील तर नको. चूक म्हणून देत असशील तर घेते.”

“चूकच आहे, कोंडाबाई.”

“मग घेते,” ती म्हणाली, आणि तिथल्या तिथे खुंट्या ठोकू लागली. संक्रांतीच्या सुगडांची भट्टी तिने त्याच जागेवर लावली.

तुळाजीने आपल्या चार खुंट्या नदीत ठोकल्या, कमरेइतक्या पाण्यात. मुलीचा बाप घर बघायला आला, काठावरून खुंट्या बघितल्या आणि पाणीही न पिता परत गेला. लग्न मोडले.

मग त्याने अर्ज केला. मी दहाव्या तुकड्याचा मालक आहे, सरकारच्या मते ती जमीन आहे, तरी कोरड्या दोराने मोजून ती माझ्या ताब्यात द्यावी. देता येत नसल्यास दोर खोटा आहे असे लिहून द्यावे. दप्तरात खळबळ उडाली. दोर खोटा म्हणावा तर चाळीस वर्षांचे सगळे शिक्के खोटे, आणि मोरांची नवी बागसुद्धा भर आषाढात मोजलेली. दोर खरा म्हणावा तर कुणीतरी नदीत उतरायला हवे. तेव्हा अर्जावर शेरे पडू लागले. ‘अर्जदाराने तुकड्यावर समक्ष उभे राहून चतुःसीमा दाखवाव्यात.’ तो पाण्यात उभा राहिला आणि चारी बाजू दाखवल्या; बघायला कुणी आले नाही. ‘नदीची हरकत आहे किंवा कसे, याचा लेखी खुलासा घ्यावा.’ ‘कोरडा या शब्दाची व्याख्या नियमांत आढळून येत नाही.’

सारावसुलीला मात्र तुकडा लगेच सापडला. साऱ्याची नोटीस वेळेवर आली. तुळाजीने उलट टपाली कळवले की सारा देणार नाही, जप्ती करावी. जप्तीवाले काठापर्यंत आले, थोडा वेळ उभे राहिले आणि ‘जप्त करण्याजोगे पाणी आढळले’ असा पंचनामा करून निघून गेले.

इकडे बातमी बाजाराबाजारांत पोहोचली. कुंभार मडकी विकताना गिऱ्हाईक ती वाजवून बघत असे. तेवढ्या वेळात कुंभार दोराची गोष्ट सांगून टाकीत. पुढच्या श्रावणात दामोदरशेठकडे घेणारे आले, जमिनी बघितल्या, पसंतही केल्या, आणि वैशाखात येतो म्हणाले. त्यांनी कुणाशी भांडण केले नाही. नुसते वैशाखात आले. शेठना ज्या कोरड्या दोराने घेतले त्याच कोरड्या दोराने द्यावे लागले. त्या उन्हाळ्यात शेठ आपल्या घरामागची बाग पावलांनी मोजताना दिसले. ती त्यांना त्यांच्या गुरूने विकली होती, ऐन पावसाळ्यात.

तुळाजीला व्यापाऱ्यांनी आपल्यातून काढले. तो वाळलेल्या वेळूची एक काठी घेऊन फिरतो. घेतानाही तीच आणि देतानाही तीच. ती बाळगणे गुन्हा आहे आणि हे तो विचारणाऱ्याला सांगतो. धंदा बेताचाच चालतो. पुरात खुंट्या वाहून जातात, पाणी उतरले की तो नव्या ठोकतो, आणि त्याच दिवशी दप्तराला स्मरणपत्र देतो.

तात्पर्य : खोट्या मापावर राजाचा शिक्का असला, तरी त्याखाली सही करायची की नाही हे आपल्याच हातात असते.

प्रस्तुत अर्ज अद्याप प्रलंबित आहे.