एकविसावी काळी शलाका

ही कथा मला नीट आठवते की नाही, याची खात्री नाही. तरुणपणी एका विहारात एका वृद्ध भिक्षूंच्या तोंडून मी ती एकदाच ऐकली. नगराचे नाव कदंबक होते की कदंबवन, आणि अवर्षणाचे वर्ष तिसरे होते की चौथे, हे मी दोनदा लिहून दोनदा खोडले आहे. ज्यांना अधिक ठाऊक असेल त्यांनी दुरुस्त करून वाचावे.

पूर्वी दृढधन्वा नावाच्या राजाच्या काळात बोधिसत्त्व कदंबक नगरात शलाकाधर होते. राजधानी तेथून नऊ दिवसांच्या वाटेवर होती. आपल्या तळ्याचे, कुरणांचे आणि वेशीचे निर्णय नगराने स्वतःच घ्यावेत, असे राजाने ठरवून दिले होते. मोठा प्रश्न उभा राहिला की प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाचे नाव ताडपत्राच्या तुकड्यावर लिहून तुकडे एका रांजणात टाकत. नगरातली एक अंध म्हातारी त्यातून एक्केचाळीस तुकडे काढी. ज्यांची नावे निघत ते वेशीजवळच्या सभागृहात बसत आणि बोलणे पुरे होईपर्यंत घरी जात नसत. शेवटी प्रत्येकाला दोन काड्या मिळत, होकाराची एक पांढरी आणि नकाराची एक धुरावर काळी केलेली. यांनाच शलाका म्हणत. आपल्या मताची शलाका प्रत्येक जण झाकलेल्या मडक्यात टाकी. शलाकाधर त्या एकटा मोजी आणि आकडा सांगे. सूर्यास्ताला शलाका जाळत. त्या जळेपर्यंत सभा संपली असे मानत नसत.

शलाकाधराला सभेत बोलता येत नसे. तो वेताच्या पडद्यामागे, सभेकडे पाठ करून बसे, कारण माणसाचा चेहराही मत देतो असे जुनी माणसे म्हणत. त्याने कोणाच्या घरी जेवू नये, कोणाच्या लग्नात बसू नये, कोणाशी विशेष सख्य करू नये, असे नियम होते. बोधिसत्त्वांनी ते तीस वर्षे पाळले. त्यांची पत्नी हयात असताना म्हणे, "लग्न तुमच्याशी झालं, पण पंगतीला मी कायम एकटीच." मुलगी विपुला हिचे लग्न खालच्या शरग्रामात झाले, तेव्हा मांडव घराच्या दारातच असूनही बोधिसत्त्व बाहेर, चिंचेखाली उभे राहिले. पाहुण्यांना वाटले, हा कोणी वाटसरू असावा.

अवर्षणाच्या तिसऱ्या वर्षी शरग्रामच्या विहिरी आटल्या. तिथली दोनशे माणसे चालत कदंबकाच्या वेशीशी आली आणि तटाच्या सावलीत रांगेने बसली. वेशीचे दार बंद होते. तळ्यात पाणी होते, पण ते पावसापर्यंत नगरालाच कसेबसे पुरणार होते. दार उघडावे की नाही यासाठी रांजण आणला गेला आणि एक्केचाळीस नावे निघाली.

सभा पाच दिवस चालली. पिंगळ नावाच्या तेल्याने पहिल्याच दिवशी काठीने जमिनीवर तळे काढून दाखवले. "दोनशे तोंडं वाढली की हे तळं आषाढ बघणार नाही. मी निर्दय नाही. मी फक्त काठी टाकून खोली बघून आलोय."

भोगवती नावाची विणकरीण म्हणाली, "पिंगळा, तुझ्या घाण्याचा बैल दहा माणसांचं पाणी पितो. त्याचंही नाव रांजणात टाकायला हवं होतं."

"त्याचं निघालं असतं आक्का, तर तो तुझ्याइतका बोलला नसता."

लोक हसले. पण हसू लवकर विरले, कारण तटापलीकडून लहान मूल रडल्याचा आवाज आला. कोणी तरी उठून त्या बाजूची खिडकी लावली. सभेवर बाहेरच्यांचा प्रभाव पडू नये, असा नियमच होता. ज्याच्याबद्दल निर्णय घ्यायचा त्याने सभेत येऊ नये, हाही नियम होता. जुन्या काळी एका सावकाराने रडून ओरडून सभा फिरवली होती, त्यानंतर तो केला होता. नियम चांगल्या हेतूने केला होता, हे येथे सांगायला हवे.

पाचव्या दिवशी सकाळी शलाका वाटण्याआधी एक जण उठला. "स्पष्ट बोलतो, राग नको. शलाकाधरांची मुलगी त्या रांगेत आहे. आज दुसऱ्याने मोजावं."

पडद्यामागची पाठ हलली नाही.

पिंगळ म्हणाला, "मी दार बंद ठेवा म्हणणारा माणूस. तरी सांगतो, तेच मोजतील. माझ्या बापाची जमीन यांच्याच मोजणीवर गेली. घरी आम्ही महिनाभर त्यांना शिव्या दिल्या, पण आकडा खोटा आहे असं आमच्या म्हातारीनंसुद्धा कधी म्हटलं नाही."

मडके पडद्यामागे गेले. बोधिसत्त्वांनी शलाका जमिनीवर मांडल्या. पांढऱ्या वीस होत्या आणि काळ्या एकवीस. त्यांनी पुन्हा मोजल्या. मग तिसऱ्यांदा, डोळे मिटून, बोटांनी मोजल्या, कारण काजळीची शलाका हाताला खरखरीत लागे. एकवीस.

तेथे त्यांना पाहणारे कोणी नव्हते. सांजेला सगळ्या शलाकांची राख होणार होती. एक काळी शलाका पांढरी म्हणून सांगितली असती तर दोनशे माणसांना पाणी मिळाले असते, आणि त्यांत आपली लेक, तिचे मूल आणि तिची म्हातारी सासू होती. हे असत्य कोणाच्या लाभासाठी नव्हते, करुणेसाठी होते. मग त्यांच्या मनात आले, 'आज मी दयेने खोटे मोजले, तर उद्या कोणी तरी भीतीने खोटे मोजील, आणि या लोकांना दोन्ही मोजण्या सारख्याच दिसतील. यांच्याजवळ एकमेकांवर विश्वास ठेवायला या पडद्याखेरीज काही नाही.' येथे मी सांगून टाकतो की माझ्या हातून ती शलाका काळी म्हणून मोजली गेली असती, असे मला वाटत नाही.

ते पडद्यामागून म्हणाले, "काळ्या एकवीस. पांढऱ्या वीस. दार बंद राहील."

मग त्यांनी जे केले ते त्या नगरात पूर्वी कोणी केले नव्हते. ते पडद्याबाहेर आले, शलाकाधराची खूण असलेला करदोटा सोडून मडक्यावर ठेवला आणि म्हणाले, "माझं काम झालं. आता मला बाहेर जायचं आहे."

आपल्या वाट्याची दिवसाची एक घागर पाणी घेऊन ते वेशीशी गेले. राखणदार घाबरला. "आजोबा, दिंडी दरवाजातून मी तुम्हाला सोडीन. पण परत आत घेता येणार नाही. दार बंद, असं आत्ता तुम्हीच सांगितलंत."

"हो, मीच सांगितलं."

बाहेर ऊन रणरणत होते. रांग दारापासून सुरू होऊन तटाच्या कोपऱ्यापर्यंत गेली होती. सासूला चालवत नसल्याने विपुलाचे कुटुंब सर्वांत शेवटी पोहोचले होते, म्हणून ते रांगेच्या टोकाला होते. तिने बापाला ओळखले आणि ती उठून उभी राहिली. बोधिसत्त्वांनीही तिला पाहिले. त्यांनी पळसाच्या पानाचा द्रोण केला आणि दाराजवळच्या पहिल्या माणसाला एक घोट पाणी दिले. मग दुसऱ्याला. मग तिसऱ्याला. दोनशे घोटांना बराच वेळ लागला. विपुला उभीच होती.

ते टोकाला पोहोचले तेव्हा घागरीत तीन घोट उरले होते. मूल प्यायले. सासूच्या तोंडात पाणी घातले, ते ओठांच्या कडेने बाहेर आले. तिची मान विपुलाच्या हातावर कलली होती. ती कोणत्या क्षणी गेली ते कोणालाच कळले नव्हते.

विपुला म्हणाली, "इथंही मोजलंत, बाबा?"

बोधिसत्त्वांनी उरलेला घोट तिच्यापुढे धरला.

"आधी इकडं आला असतात तर?"

"विपुला…"

"आकडा दारापासून रांगेतून इथवर आला. एक काडी होती ना? एकच."

"एकच होती."

ती खाली बसली आणि सासूच्या अंगावर आपला पदर पसरला. त्यांच्याकडे न पाहता ती म्हणाली, "आणि पाच दिवस तुम्ही आत ठरवत काय होतात? आम्हाला इथं राहायचं कुठं होतं? डोंगरापलीकडं नदी आहे. ती वाट तुमच्या गावातून जाते. आम्हाला वाट हवी होती, आणि एकेक घागर पाणी. बस."

पाच दिवसांत तळ्याची खोली सर्वांनी मोजली होती; या माणसांना काय हवे आहे, ते कोणी विचारले नव्हते. पडद्यामागे बसून त्यांनीही ते विचारले नव्हते.

इकडे सभागृहात लोक शलाका जाळण्याची वाट पाहत बसले होते. भोगवती वेशीपर्यंत आली आणि दाराच्या फटीतून हाक मारू लागली, "दादा, आत या. राखणदाराशी मी भांडते. तुमच्याशिवाय तो पडदा बघवत नाही."

बोधिसत्त्व फटीशी आले. "आक्का, मला बोलावू नका. माझ्या लेकीला काय हवं ते विचारा."

विपुलाने फटीतून तेच पुन्हा सांगितले. भोगवतीने दोनदा विचारले, "राहायचं नाही? नक्की?" मग ती पदर खोचून धावतच सभागृहात गेली.

"आपण भलत्याच प्रश्नावर शलाका टाकल्या," ती म्हणाली. "त्यांना तळं नकोय. वाट हवीय."

पिंगळ म्हणाला, "हे तू बाहेरच्याकडून ऐकलंस. बाहेरच्याने सभेत यायचं नाही, असा नियम आहे."

"आणि सभेने बाहेर जायचं नाही, असा नियम कुठं आहे?"

पिंगळने आठवून पाहिले. म्हाताऱ्यांकडे पाहिले. तसा नियम कोणालाच आठवेना. शलाका अजून जळल्या नव्हत्या. तो कुरकुरत उठला. "चला तर. उन्हात डोकं तापलं तर आक्का जबाबदार."

दिंडी दरवाजातून एकेक करून एक्केचाळीस माणसे बाहेर आली आणि शरग्रामच्या लोकांसमोर जमिनीवर बसली. सुरुवातीला कोणी कोणाकडे पाहीना. मग पिंगळने समोरच्या म्हाताऱ्याला विचारले, "नदीवर किती दिवसांची वाट?" म्हातारा म्हणाला, "तुमच्या पायांनी दोन. आमच्या पायांनी आता चार." त्यांनी घागरी मोजल्या, आजारी किती ते पाहिले, मेलेल्या सासूला कोठे न्यायचे ते विचारले. पिंगळ मध्येच हरकत घेई आणि उत्तर मिळाले की मान हलवी. सूर्य तटाला टेकला तेव्हा पुन्हा शलाका वाटल्या.

"मोजणार कोण?" कोणी तरी विचारले.

सर्वांनी बोधिसत्त्वांकडे पाहिले. ते म्हणाले, "मी आता मोजू शकत नाही. मी एका बाजूचा झालोय."

मग शलाका उघड्यावर, सर्वांच्या देखत मोजल्या. पांढऱ्या छत्तीस निघाल्या, काळ्या पाच. पिंगळ म्हणाला, "एक माझी आहे. लपवत नाही. पण दाराचा अडसर काढायला मीच जातो, तो जड आहे."

शरग्रामचे लोक घागरी भरून नगरातून गेले. सासूचे दहन डोंगराच्या पायथ्याशी झाले. बोधिसत्त्व पलीकडच्या वेशीपर्यंत लेकीच्या बाजूने चालले. तेथे ती थांबली. "बाबा, तुम्ही चुकलात असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "पण ती काडी तुम्हाला दिसू नये, असं मला वाटत होतं." मग तिने मूल कडेवर नीट घेतले आणि ती डोंगराच्या वाटेला लागली.

पाऊस पडल्यावर शरग्रामचे लोक दुसऱ्या वाटेने परत आले. विपुला मात्र, गुरे घेऊन लांबच्या वाटेने आधीच तिथे गेलेल्या नवऱ्यासह, नदीकाठीच राहिली. ती पुन्हा कदंबकाला आली नाही.

नगराने नियम बदलला. तेव्हापासून ज्याच्याबद्दल ठरवायचे त्याच्यासमोर बसून सभा भरू लागली. वेताचा पडदा काढून टाकला. बोधिसत्त्वांना आता कोणाच्याही घरी जेवायला, कोणाच्याही मांडवात बसायला मोकळीक होती. पण तीस वर्षांत लोकांची त्यांना बोलावण्याची सवय मोडली होती. सणाच्या दिवशी ते आपल्या ओट्यावर बसत. जाणारे येणारे आदराने नमस्कार करीत आणि पुढे जात.

ही आपल्या पूर्वजन्मीची कथा सांगून शास्ते, म्हणजे भिक्षूंचे गुरू, त्यांना म्हणाले, "त्या काळचा पिंगळ तेली म्हणजे आज संघात सर्वांआधी हरकत घेणारा भिक्षू उपवर्ध. भोगवती विणकरीण म्हणजे भिक्षुणी सुभोगा. राखणदार म्हणजे विहाराचे दार सांभाळणारा हा वृद्ध उपासक. ते एक्केचाळीस सभासद म्हणजे तुम्हीच. आणि शलाकाधर मी होतो. भिक्षूंनो, आपल्या दुःखाच्या दिवशीही जे बोटांना लागले तेच तोंडाने सांगावे, याला सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, म्हणतात."

शास्त्यांनी विपुला कोण होती ते सांगितल्याचे मला आठवत नव्हते. ते नाव आपण विसरलो, असे मी सदतीस वर्षे धरून चाललो होतो. मग दूरच्या एका विहारात हीच कथा मुखोद्गत असलेले दुसरे भिक्षू भेटले. मी त्यांना विचारले. त्यांनी शेवटचा भाग माझ्यासाठी दोनदा म्हणून दाखवला. त्यात तिचे नाव नाही.