कट्ट्यावरची जागा

त्या राज्यात एकटे असे काही नव्हते; जे होते ते रांगेत होते. पोती रांगेत, गुरे रांगेत, माणसेही रांगेत. राजाचा हुकूम म्हणजे सुतळीत ओवलेली बिल्ल्यांची माळ, आणि ती उजव्या टोकाकडून वाचायची, असा रिवाज. वाचणारा निरोप्या एकच होता. बिल्ला पत्र्याचा, छोटा असला तर तो त्यावरच्या खाचा बोटाने चाचपायचा, आणि राजवाड्यापुढच्या दगडी कट्ट्यावर त्या खाचांची जी जागा असेल तिच्यापुढे रांग आणून उभी करायचा. बिल्ला लाकडी, मोठा असला तर त्यावर वाट कोरलेली असे. त्या वाटेने तो कोणाच्या तरी घरी जाई.

कट्ट्यावर जुने सेवक बसत. त्यांना घर नव्हते, आडनाव नव्हते. होती ती एकेक जागा. पालट रांग उलटी करी. त्याने हात फिरवला की शेवटचा पहिला होई. शेजारची उतरंड माणसांना उंचीने लावी, उंच पुढे आणि बुटके मागे. ज्याला जे येई ते त्याला अगदी मुरलेले असे, आणि दुसऱ्याचे काम कोणी विचारत नसे. पालटाला याचा भारी तोरा. पत्ता शोधत यावे लागते ते उपऱ्यांकडे, असे तो म्हणे.

मग दुष्काळ पडला. विहिरीचे पाणी रोज जेमतेम अर्ध्या रांगेला पुरे. पायांत बळ नाही म्हणून जे मागे राहतात त्यांना आधी पाणी, असा राजाचा हुकूम निघाला, आणि सकाळची रांग पालटापुढे येऊ लागली. पालट हात फिरवी. म्हातारीकोतारी, आजारी, लंगडी माणसे पुढे होत आणि जाताना त्याला दुवा देत. त्या दुव्यावर पालट जगत होता म्हटले तरी चालेल.

पुढे नव्या वस्तीच्या लोकांनी पाण्याच्या कामासाठी न्यायधर नेमला. त्याला कोणी पाहिले नव्हते, पण विहिरीच्या वाटेवर त्याचे कमानीचे घर उठले. त्या दिवसापासून राजाच्या माळेत त्या घराच्या वाटेचा एकच लाकडी बिल्ला झुलू लागला. पालटाचा पत्र्याचा बिल्ला माळेतून नाहीसा झाला. रांग अजून त्याच्यापुढे येई, पण राजवाड्याकडून नव्हे, न्यायधराच्या घराकडून. आणि दुवा मिळे तो न्यायधराला.

पालटाच्या मनात पाल चुकचुकली. इथे कुठेतरी पाणी मुरतेय खास. तो न्यायधर आपल्याकडून रांगा उलटवून घेतो तो आपला हात पाहून घ्यायलाच; एकदा शिकला की रांग यायची बंद, आणि कट्ट्यावरचा दगड कोणीतरी पायरीला नेणार. संशयाला एकदा बसायला पाट दिला की तो जेवल्याशिवाय उठत नाही. पालटाला मग निरोप्याचे गप्प राहणेही खटकू लागले. उतरंड तर निवांत होती, आणि ज्याला काळजी नाही त्याला आधीच काहीतरी कळलेले असते, असा त्याचा हिशेब. वास्तविक ती बिचारी स्वभावानेच निवांत होती.

शेवटी त्याने ठरवले, त्या घरात जाऊन चोराला रंगेहाथ पकडायचे. पण जागा रिकामी दिसली तर घात. मन घेत नसतानाही त्याने उतरंडीलाच गाठले. तिला काम असे ते संध्याकाळी.

"घटकाभर माझ्या जागेवर बस," तो म्हणाला.

"बसेन की. पण मला तुझं काम कुठं येतंय?"

"येऊन काय करायचंय? रांग यायच्या आत मी परत. जागा भरलेली दिसली म्हणजे झालं."

न्यायधराच्या घराला कुलूप नव्हते. पालट दबकत आत शिरला. आत चूल नव्हती, अंथरूण नव्हते, माणूस नव्हता. चार भिंती आणि एक खुंटी. खुंटीला पत्र्याच्या छोट्या बिल्ल्यांची माळ. उजव्या टोकाचा बिल्ला त्याने हातात घेतला. त्याच्या कडा वापरून वापरून गुळगुळीत झाल्या होत्या. खाचा त्याच्याच जागेच्या होत्या. त्याच्यापुढे कट्ट्यावरच्याच पाणी मोजणाऱ्याचा बिल्ला होता, मग वाटणाऱ्याचा. न्यायधर म्हणून जो कोणी होता तो एवढाच.

पालटाला आधी हसू आले, मग भरून आले. एवढे दिवस तो स्वतःच्याच पाळतीवर होता. आणि मग त्याला आठवले, की आपण कट्ट्यावर नाही.

तोवर निरोप्या दारात आला होता, मागे सकाळची रांग. त्याने पालटाच्या हातातून माळ अलगद काढून घेतली आणि उजव्या टोकाच्या बिल्ल्यावर बोट फिरवले.

"अरे, तो मीच," पालट म्हणाला. "मी पालट. आत्ता इथंच उलटवतो रांग."

निरोप्याने खाचा पुन्हा चाचपल्या. त्याच्या तोंडाकडे काही पाहिले नाही.

"पालट कट्ट्यावर असतो," तो म्हणाला आणि चालू लागला.

पालट धावला. पण वाट रांगेने भरली होती, आणि रांग ओलांडून पुढे जाणे त्या राज्यात कोणालाच ठाऊक नव्हते. तो शेपटाला चालत राहिला. तिथूनच त्याने पाहिले. रांग त्याच्या जागेपुढे उभी राहिली. उतरंड दचकली, तिने इकडेतिकडे त्याला शोधले, आणि मग तिला जे येत होते ते तिने केले. निरोप्याने झाली तशी रांग बिनतक्रार उचलली. कोणी काही विचारले नाही. न्यायधराचे काम, म्हणजे बरोबरच असणार.

धिप्पाड गडी पुढे निघाले. वाकलेली माणसे मागे राहिली, आणि सर्वांत मागे कमरेत मोडलेली एक म्हातारी. पालटाने वाटेवरूनच हात उंचावला आणि फिरवला. पुन्हा फिरवला. दोघाचौघांना वाटले, माशा वारतोय.

म्हातारीने रिकामी घागर दुसऱ्या कडेवर घेतली आणि मागे वळून पाहिले.

"उन्हात असा उभा का, बाबा?" ती म्हणाली. "लाग माझ्या मागं."

पालट तिच्या मागे उभा राहिला.