ऊनाच्या घराचं दार

फार फार जुनी गोष्ट, लहानथोरांनी ऐकावी अशी. समुद्रापलीकडे एका हिरव्यागार बेटावर एक गाव होतं. तिथली रीत अशी, की दिवसा दार सताड उघडं ठेवायचं. चुलीवरचं शिजलं, की येईल त्यानं बसून खावं. दिवसाढवळ्या दार बंद दिसलं, तर समजावं, आत घासही उरला नाही. मग तिथे हाक मारायची नाही. उपाशी माणसाला लाजवायचं कशाला?

गाव जगायचं बटाट्यावर. एका वर्षी रात्रीतून शेतंच्या शेतं काळी पडली. उकरावं तिथे नुसता कुजका चिखल! गावाच्या तोंडचं पाणी पळालं.

त्या गावातल्या ऊना नावाच्या बाईच्या माळ्यावर मात्र जवाच्या पिठाची एक गोणी होती. पदरी दोन कच्चीबच्ची पोरं. गाव दारात आलं, तर यांना काय घालू? तिनं भरदिवसा कडी लावली. भाकरी भाजताना पोरांना दटावायची, "आवाज करू नका रे!"

शेजारी कॅटलीनआजी एकटीच राहायची. ऊनाची दोन्ही बाळंतपणं तिनंच केलेली. काही दिवसांनी तिचंही दार लागलं.

"म्हातारी पक्की आहे," ऊना मनात म्हणाली. "तिनंही काहीतरी दडवलेलं दिसतंय."

एका सकाळी आजीच्या घरातून धूर निघेना. ऊनानं दार ढकललं. अगं आई गं! थंड चुलीपाशी आजी पडलेली, नुसता हाडांचा सापळा. उशाशी फडक्यात पाच-सहा धडके बटाटे.

"आजी, घरात असताना खाल्ले का नाहीस गं?"

"ते तुझ्या पोरांचे," आजी कशीबशी बोलली. "तुझं दार लागलेलं दिसलं. म्हटलं, पोर आधीच लाजली असेल, हाक कशी मारू? उघडशील तेव्हा देईन. माझं संपलं, म्हणून मग मीही दार लावलं."

ऊना धावत घरी गेली, भाकरी घेऊन आली. तोवर आजी गेली होती. हातातली भाकरी अजून गरम होती.

त्याच दिवशी ऊनानं गोणी रस्त्यावर आणून गावासाठी सोडली आणि आपलं दार बिजागऱ्यांसकट उखडून टाकलं. पुढे किती थंडीवारे आले, पण त्या चौकटीला तिनं मरेपर्यंत दार बसवलं नाही.

म्हणून लक्षात ठेवा, संकटात जो आपलं दार लावून घेतो, त्याला शेजारचं मरणही दिसत नाही.