झऱ्यानं म्हटलेला पाठ

फार पूर्वीची गोष्ट आहे, बाळांनो. तेव्हा डोंगरांनाही नावं पडली नव्हती. अशाच एका डोंगराच्या पायथ्याशी पाठशाळा होती, आणि तिच्या मागं एक झरा. आसपास पाणी म्हणाल तर तेवढंच.

त्या पाठशाळेत एक मुलगी शिकत होती. तिच्यासारखा पाठ कुणालाच येत नसे. "झऱ्यात उष्टं बुडवू नये. पाणी काढून घ्यावं, वीस पावलं दूर जावं, तिथं भांडं घासावं." ती म्हणू लागली की चिमण्यासुद्धा गप्प बसत.

पण भांड्यांची पाळी आली की तीच वीस पावलं तिला लांब वाटत. ती इकडंतिकडं बघे, "कोण बघतंय!" म्हणे, आणि खरकटी पातेली सरळ झऱ्यात बुडवे. राख, शितं, तेलाचा तवंग, सगळं पाण्यात.

एके दुपारी ती वाकली, तर पाण्यातल्या तिच्या चेहऱ्याचे ओठ हलत होते. तिचे स्वतःचे मात्र मिटलेले होते. तिनं पाणी ढवळलं. पाणी थांबलं, तरी ओठ हलतच होते. ती घाबरून पळाली.

दुसऱ्या दिवशी तिनं पातेली डोळे मिटून बुडवली.

मग पाठ म्हणायचा दिवस आला. सगळे ओळीनं बसले. ती उठली, तोंड उघडलं, आणि आवाजच फुटेना.

"काय गं पंडितीणबाई," मागून एक मैत्रीण खिदळली, "पातेल्याबरोबर जीभही घासून टाकलीस की काय?"

तेवढ्यात पाठशाळेच्या मागून पाठ ऐकू आला. आवाज तिचाच. एक अक्षर चुकत नव्हतं.

हसणं जागच्या जागी थिजलं. सगळे झऱ्याकडं धावले. झऱ्यात एकही बेडूक उरला नव्हता. काळ्या तवंगाखालून तिचा आवाज येत होता, "वीस पावलं दूर जावं... वीस पावलं..."

गुरुजी हळूच म्हणाले, "पोरी, तुझा पाठ झऱ्यानं ठेवून घेतलाय. परत हवाय का?"

तिनं मान डोलावली आणि टोपली उचलली.

रोज ती गाळ काढी, वीस पावलं चाले, तिथं टाकी, पुन्हा येई. पाण्यातला आवाज बारीक होत गेला. एक दिवस तळाचे खडे दिसले, पाण्यातले ओठ मिटले, आणि कुठूनसा एक बेडूक ओरडला.

तिनं भीतभीत तोंड उघडलं. "वीस पावलं," ती म्हणाली.

आवाज परत आला होता, पण थोडा ओला, पाण्याखालून आल्यासारखा. तो जन्मभर तसाच राहिला. आणि पाळी कुणाचीही असो, भांडी घेऊन वीस पावलं चालणारी पहिली तीच असे.

म्हणून सांगतो, बाळांनो: पाण्या-झाडांचा जो धडा हातांनी गिरवला नाही, तो तोंडातही टिकत नाही.