राही कासारणीचा निंब

फार वर्षांपूर्वी, हा चौकीपुढचा निंब जेमतेम कमरेइतका होता, तेव्हा पिंपळकोंडात राही नावाची कासारीण राहायची. दारोदार जाऊन ती बायांना बांगड्या भरायची. बाईचा हात हातात धरला की तिला अख्खं घर कळायचं, असं म्हणतात.

एकदा ठकूच्या हातात तिला एकही बांगडी धड दिसली नाही. मनगट काळंनिळं. नवऱ्यानं बजावलं होतं, पुढच्या खेपेला विहिरीत ढकलीन. राहीनं पेटी उचलली आणि ठकूला थेट चौकीत नेलं.

फौजदार म्हणाला, "नवरा-बायकोचं भांडण आहे. घरी ने तिला."

"घरी नेली तर जित्ती ऱ्हायची न्हाई, सायेब."

फौजदार हसला. सरकारी पगार घेऊन हसला!

राही निंबापाशी बसली आणि ठकूलाही तिनं शेजारी बसवलं. गावात बोभाटा झाला, राही आता फौजदाराला बांगड्या भरून त्याची अब्रू काढणार. मजा बघायला बापये जमले. फौजदारही बाहेर आला आणि हात पुढे करून म्हणाला, "भर की!"

"बांगड्या कामाच्या हातात घालत्यात, सायेब. तुमच्या न्हाई." राहीनं पेटी मिटली. "हिच्या नवऱ्याला धरून आणस्तवर पंचक्रोशीत कुणाच्या हातात बांगडी चढायची न्हाई."

नेमकं फौजदाराच्या लेकीचं लग्न तोंडावर आलेलं. हिरव्या चुड्याशिवाय नवरी बोहल्यावर उभी कशी राहणार? त्यानं तालुक्याहून दुसरा कासार आणला, तर नवरीच्या हाताला लागताच बांगड्या तडकल्या, असं म्हणतात. शेवटी फौजदारीणबाई स्वतः निंबापाशी आल्या. बायको रदबदली करायला आली, असं फौजदाराला वाटलं. बाई ठकूजवळ मांडी घालून बसल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आधी हिचं बघा. मग लेकीचं बघू."

तेव्हा कुठे फौजदारानं टोपी चढवली. ठकूचा नवरा सांजेच्या आत गजाआड गेला. राही उठली तेव्हा निंबाची सावली चौकीच्या कौलांवर पोचली होती, असं म्हणतात. पहिली बांगडी तिनं ठकूला भरली, नवरीला नंतर.

अजूनही आमच्याकडे कुणी बाई चौकीत निघाली की एकटी जात नाही. हातातलं काम टाकून बाकीच्या तिच्यासोबत निघतात, निंबाखाली बसतात, आणि कासार राहीच्या नावानं तिला फुकट चुडा भरतो. साहेब बदलत राहतात. नवा आला की आधी खिडकीतून निंब बघतो.

परगावची एखादी विचारते, "पोलीस मदत करत्यात का वो?"

"करत्यात की," बाया सांगतात, "आपण उठलो न्हाई तर."